माजघरातला टीव्ही : चित्रजुळणीच्या प्रकल्प नोंदी, गुहागर

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

नवा संच आज दुपारी घरी आला. ५५ इंची, फोरके, एलसीडी, व्हीए जातीचे पटल. जोडणी करायला आलेल्या मुलाने तो ओटीवरच्या टेबलावर मांडला, चित्राची पद्धत ‘व्हिव्हिड’ ठेवली आणि पाण्याखालच्या माशांची चित्रफीत लावून दिली. मासे इतके झळकत होते की शेजारची चार मुले आपटा द्यायला म्हणून आली ती तिथेच बसली. नंतर बातम्या लावल्या, तेव्हा निवेदिकेच्या गालांवर तापाची लाली होती आणि तिच्या पांढऱ्या कुडत्यावर निळी झाक होती. तीस वर्षे फोटो स्टुडिओ चालवल्यामुळे असे काही दिसले की मला स्वस्थ बसवत नाही. म्हणून ही वही.

आईच्या मते चित्र ‘नुकतेच धुतल्यासारखे’ दिसते. तिचा शब्द फार नेमका आहे. शेवटच्या पाण्यात नीळ घातली की धोतर अधिक पांढरे भासते. प्रत्यक्षात नीळ काही प्रकाश शोषून घेते, म्हणजे कापडावरून परत येणारा उजेड थोडा कमीच होतो, पण पिवळसर झाक मारली गेल्यामुळे डोळ्याला ते शुभ्र वाटते. दुकानात ओळीने लावलेल्या संचांमध्ये आपला उठून दिसावा, यासाठी कंपन्या ही नीळ सढळ हाताने घालूनच माल पाठवतात.

उद्दिष्ट लिहून ठेवतो. चित्रपट किंवा मालिका ज्या पांढऱ्या रंगाला धरून रंगसंस्करणाच्या खोलीत पक्की केली जाते, तोच पांढरा रंग आपल्या पडद्यावर यावा. त्याचे तांत्रिक नाव डी-६५. रंगतापमान सुमारे ६५०० केल्विन, रंगालेखावरचे स्थान ०.३१२७ आणि ०.३२९०. एचडी चित्रासाठी बीटी ७०९ ही आंतरराष्ट्रीय शिफारस १९९० पासून आहे आणि तिच्यातला पांढरा हाच आहे. पटल नवे असल्यामुळे पहिले शंभर तास त्याला नुसते चालू द्यायचे, बारीक जुळणी त्यानंतर करायची, असे ठरवले आहे.

१५ ऑक्टोबर

तीन दिवस ओटीवर पाहिल्यानंतर जागा बदलली. आमची ओटी पश्चिमेकडे उघडी आहे. दुपारी चारनंतर समुद्रावरून येणारा उजेड थेट पडद्यावर पडतो आणि रात्रीच्या प्रसंगांत कलाकारांऐवजी आपल्याच पडवीचे खांब दिसतात. हा उजेड मेनूतल्या कोणत्याही आकड्याने हटणारा नाही. व्हीए पटलाची मुख्य जमेची बाजू म्हणजे गडद काळा. तीन ते पाच हजारास एक इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्याचे काळ्याशी प्रमाण, त्याला सहज मिळतो, तर आयपीएस या दुसऱ्या जातीच्या पटलाला साधारण हजारास एक. उजेडात बसून हा फरक पाहायचा म्हणजे भर दुपारी पणती लावण्यासारखे आहे.

जुन्या कोकणी घराचे माजघर मुळातच अंधारे असते. आजवर त्याबद्दल कुरकूरच केली होती. आता त्याच अंधाराचा उपयोग झाला. संच तिथे आजीच्या पेटाऱ्यावर ठेवला. भिंतीवर टांगण्याचा विचार सोडून दिला, कारण जांभ्याच्या चिऱ्यात लहान प्लग नीट धरत नाही, आणि मुख्य म्हणजे भिंतीवर टांगताना जो तो संच देवाच्या तसबिरीच्या उंचीवर चढवतो. व्हीए पटलाकडे खालून किंवा बाजूने पाहिले की काळा रंग राखाडी होतो. पेटाऱ्यावर पडद्याचा मध्य जमिनीपासून १०४ सेंटीमीटरवर आला आहे, म्हणजे खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर.

बसण्याची जागा २.४ मीटरवर आहे. ५५ इंची पडद्याची उंची साडेअडुसष्ट सेंटीमीटर. एचडी चित्रासाठी उंचीच्या तिप्पट, म्हणजे दोन मीटरच्या जरा वर, आणि फोरकेसाठी दीडपट, म्हणजे जेमतेम एक मीटर, असा हिशेब आहे. तेव्हा फोरकेच्या ज्या बारकाव्याचे पैसे भरले, त्यातला बराचसा भाग या खोलीत डोळ्यापर्यंत पोचणार नाही. खुर्च्या पुढे ओढता येतील, पण मध्ये बंगई आहे. बंगईवर बसून पाहणाऱ्याचे अंतर दर झोक्याला बदलते आणि त्याबरोबर पाहण्याचा कोनही. यावर उपाय नाही आणि शोधायचाही नाही.

एक अडचण राहिली. माजघराच्या माळा नसलेल्या भागात छपराला एक काचेचे कौल आहे. दुपारी तीनच्या सुमाराला त्यातून येणारा कवडसा जमिनीवरून सरकत पेटाऱ्यावर चढतो आणि पंधरा-वीस मिनिटे पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात बसतो. कौल काढायला आईचा विरोध आहे, कारण त्या कवडशावरून ती चहाची वेळ ठरवते. शेवटी आतून प्लायवूडची एक झडप बसवली आणि तिची दोरी खुंटीला बांधली. चहा झाला की झडप बंद.

१७ ऑक्टोबर

आज केवळ बंद करण्याची कामे झाली. पद्धत ‘व्हिव्हिड’वरून ‘सिनेमा’वर आणली, रंगतापमान ‘कूल’वरून ‘वॉर्म २’वर. घरातल्या सर्वांना चित्र एकदम मळल्यासारखे वाटले. निदान चार दिवस कोणी हात लावू नये, अशी विनंती केली आहे.

वीजबचत आणि खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडदा कमीजास्त करणारा संवेदक, दोन्ही बंद केले. हे चालू असताना घेतलेल्या मोजणीला अर्थ नसतो. कोणी दारातून आत आले तरी पडदा बदलतो. गडद प्रसंगात कॉन्ट्रास्ट ताणणारी ‘डायनॅमिक’ सोय बंद. गोंगाट काढणारी सोय चित्रपटांसाठी बंद केली, पण सेट टॉप बॉक्सवरून येणाऱ्या काही वाहिन्यांसाठी सर्वांत खालच्या पायरीवर राहू दिली, कारण त्या वाहिन्यांवर चेहऱ्याभोवती चौकोनी ठिपक्यांची जत्रा असते.

शार्पनेसबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तिथे सर्वांत जास्त फसगत होते. ही सोय नवा तपशील आणत नाही; जिथे उजेड आणि काळोख भेटतात त्या कडेला एक पांढरी रेघ जोडते. मालिकांमधल्या साड्यांच्या जरीकाठाशेजारी मला सारखा दुसरा, बारीक काठ दिसत होता, तो याचाच परिणाम. तटस्थ जागा काही कंपन्यांच्या संचांत शून्यावर असते तर काहींत मधोमध, त्यामुळे आकड्यावर विसंबता येत नाही. करड्या पार्श्वभूमीवर बारीक काळ्या रेघा असलेला नमुना लावला आणि रेघांभोवतालची पांढरी किनार नाहीशी होईपर्यंत खाली आणत गेलो. माझ्या संचात ती शून्यावर गेली.

ओव्हरस्कॅन ही नळीच्या टीव्हीच्या काळातली खोड. तेव्हा कडेचे चित्र वेडेवाकडे असायचे, म्हणून ते चौकटीआड ढकलत. आजच्या पटलाला ती गरज नाही, तरी संच चित्र थोडे ताणून कडा कापत होता. ‘स्क्रीन फिट’ केल्यावर बातम्यांची खालची पट्टी पूर्ण दिसू लागली.

त्या पट्टीने आणखी एक दोष दाखवला. सरकताना ती बारीक हादरे घेत होती. आपल्याकडचे प्रक्षेपण सेकंदाला ५० क्षेत्रांचे, म्हणजे अर्ध्या चौकटींचे, असते आणि सेट टॉप बॉक्स ६० वर लावलेला होता. पाचाची सहा करण्यासाठी तो दर पाचांमागे एक पुन्हा दाखवत होता, म्हणजे सेकंदाला दहा हादरे. बॉक्स १०८०आय, ५० हर्ट्झ केल्यावर पट्टी पाण्यावरून होडी जावी तशी जाऊ लागली. हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद केली. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. संच मधल्या चौकटी स्वतः कल्पून भरू लागला की मोठ्या खर्चाचा चित्रपटही घरगुती समारंभाच्या व्हिडिओसारखा दिसतो. मी असे असंख्य व्हिडिओ स्वतः काढले आहेत, त्यामुळे ही कळा मी ओळखतो.

१९ ऑक्टोबर

परतीचा पाऊस, सायंकाळपासून विजा. संच, बॉक्स आणि छत्रीची, म्हणजे डिशची, तार, तिन्ही काढून ठेवले. नुसते बटण बंद करून भागत नाही. वीज तारेतून येते तशी छत्रीच्या केबलमधूनही येते. काम काही नाही.

२१ ऑक्टोबर

यंत्राविना होण्यासारखी शेवटची दोन कामे, काळा आणि पांढरा, आज केली. एव्हीएस एचडी ७०९ हा विनामूल्य मिळणारा नमुन्यांचा संग्रह डीव्हीडीवर उतरवून जुन्या ब्ल्यू-रे प्लेअरमधून चालवला.

व्हिडिओमध्ये काळा शून्यावर नसतो. आठ बिटांच्या मोजपट्टीत तो १६ वर आणि पांढरा २३५ वर धरलेला असतो. नमुन्यात १६ च्या पुढच्या पायऱ्यांचे पट्टे लुकलुकत असतात. ‘ब्राइटनेस’ अशा जागी आणायचा की १७ चा पट्टा डोळे फाडून पाहिल्यावर जेमतेम जाणवावा आणि १६ चा मागच्या काळ्यात बुडून जावा. नाव ब्राइटनेस असले तरी ही कळ काळा ठरवते. पडद्याचा एकूण उजेड बॅकलाइटकडे असतो. या नावांच्या घोळामुळे लोक वर्षानुवर्षे भलतीच कळ फिरवत बसतात.

माझ्याकडे २२ पर्यंतचा एकही पट्टा दिसेना. अर्धा तास ब्राइटनेस वरखाली केल्यावर लक्षात आले की दोष संचात नाही. प्लेअर ‘आरजीबी फुल’वर लावलेला होता, म्हणजे तो काळा शून्यावर पाठवत होता आणि संच १६ ची वाट पाहत होता; त्यामुळे सावल्यांतला सगळा तपशील काळ्यात गडप. प्लेअर मर्यादित पल्ल्यावर आणताच १७ हजर झाला, आणि ब्राइटनेस कारखान्यातून आला तोच, ५०, योग्य ठरला.

दुसऱ्या टोकाला २३० ते २३५ च्या पट्ट्या वेगळ्या दिसायला हव्यात. कॉन्ट्रास्ट १०० वर असताना त्या एकजीव होत्या; ८८ वर सुट्या झाल्या. बॅकलाइट ५० वरून तूर्त १४ वर आणला. हा आकडा यंत्र आल्यावर पक्का होईल.

२४ ते २६ ऑक्टोबर

दिवाळीच्या निमित्ताने रंगकाम निघालेच होते, ते हाताशी धरून संचामागची भिंत बदलून घेतली. ती पिस्त्याच्या रंगाची होती. डोळा पांढरा रंग एकट्याने ओळखत नाही, शेजारच्या रंगाशी ताडून ओळखतो. हिरवट भिंतीपुढे तटस्थ करडा गुलाबी वाटतो. स्टुडिओत हेच होत असे. मागे निळा पडदा लावला की गिऱ्हाईक म्हणे, फोटोत मी पिवळा आलो.

दुकानदाराने पांढऱ्यात काळा घालून करडा करून दिला. असा करडा नेहमी निळसर होतो, हे रंगाऱ्यालाही ठाऊक होते. त्याने स्वतःहून चिमूटभर पिवळी माती घालायचे सुचवले. माझ्याकडे स्टुडिओतले १८ टक्के परावर्तनाचे करडे कार्ड अजून जपून ठेवलेले आहे. ते ओल्या नमुन्याशेजारी धरून तीन वेळा मिश्रण बदलले. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेला करडा घरी आणल्यावर अंगणातल्या उजेडात किंचित जांभळट दिसला, तेव्हा चौथे मिश्रण अंगणातच केले. भिंत कार्डापेक्षा थोडी उजळ ठेवली आहे.

संचामागे एक दिवाही बसवला. पूर्ण अंधारात पडदा पाहिला की डोळ्यांना ताण पडतो. मागच्या भिंतीवर मंद उजेड असला की ताण कमी होतो आणि काळा रंग अधिक गडद भासतो. हा उजेड पडद्याच्या पांढऱ्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याचा आणि डी-६५ च्या जवळचा असावा. आपल्याकडे ‘कूल डेलाइट’ म्हणून मिळणाऱ्या बल्बवर ६५०० केल्विन असेच छापलेले असते. एरवी हा बल्ब मला माजघरात नको वाटतो, दवाखान्यात बसल्यासारखे होते; संचामागे मात्र त्याची जागा नेमकी आहे. लहानात लहान घेऊन त्याला कागदाची टोपी घातली.

२९ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

भाचा पुण्याहून दिवाळीला आला आणि येताना त्याच्या कामावरचा आय-वन डिस्प्ले प्रो हा रंगमापक घेऊन आला. तो चित्रसंकलन करतो. पूर्वीच्या काही मापकांत सेंद्रिय रंगाच्या गाळण्या असत आणि त्या उष्ण, दमट हवेत बिघडत. किनाऱ्यावर असे यंत्र दोन पावसाळ्यांत खोटे बोलू लागले असते. याच्या गाळण्यांना तो त्रास नाही. लॅपटॉपवर एचसीएफआर ही मोफत आज्ञावली आहे. मापकाला पडद्यामागचा दिवा कोणत्या जातीचा आहे ते आधी सांगावे लागते, नाहीतर त्याची सगळी गणिते एका बाजूला कलतात. आम्ही ‘व्हाइट एलईडी’ निवडले.

संच शंभर तासांच्या वर चालला आहे. आज फक्त जसे आहे तसे मोजले. ‘व्हिव्हिड’मध्ये पूर्ण पांढरा १२,४०० केल्विन आणि ४१० निट, निट म्हणजे चौरस मीटरला एक कँडेला. करड्या पायऱ्यांतली सरासरी चूक, डेल्टा ई, १४. ‘सिनेमा’ आणि ‘वॉर्म २’मध्ये ६,९०० केल्विन, डेल्टा ई ४.८. तीनच्या खालची चूक साधारण डोळ्याला खटकत नाही आणि एकच्या खालची शेजारी ठेवूनही कळणे अवघड. म्हणजे एका छदामाचे यंत्र न वापरता, केवळ पद्धत बदलून, दोन तृतीयांश वाट सरली होती.

३० ऑक्टोबर

व्हाइट बॅलन्सचा दिवस. सकाळी पहिली फेरी वाया गेली, कारण संच थंड असतानाच मोजायला बसलो. पाऊण तासात आकडे आपोआप सरकत गेले आणि मी त्यांच्या मागे धावत राहिलो. दुसऱ्या फेरीत मापक पडद्यावर नीट टेकत नव्हता आणि फटीतून उजेड आत जात होता. संच मागे कलत नाही, म्हणून पुढच्या पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या घालून त्याला जरासे मागे झुकवले. मापक स्वतःच्या वजनाने पडद्याला लागून राहिला. हाताने दाबून धरू नये, दाबल्या जागी पटलाचा रंग बदलतो. तिसरी फेरी मध्यावर आली तेव्हा वीज गेली. चौथी संध्याकाळी सातला सुरू केली.

दोन प्रकारच्या कळा असतात. ‘गेन’ उजळ भागातल्या लाल, हिरव्या, निळ्याचे प्रमाण बदलतो आणि ‘ऑफसेट’ गडद भागातले. ८० टक्के करड्यावर गेन, ३० टक्क्यांवर ऑफसेट. पण एक हलवला की दुसरा थोडा सरकतो, म्हणून आलटून पालटून चार-पाच वेळा जावे लागते. तराजूच्या दोन पारड्यांत तांदळाचे दाणे टाकत बसण्यासारखे हे काम आहे. निळा जास्त दिसल्यावर माझा पहिला कल लाल वाढवण्याचा होता. भाच्याने अडवले. “मामा, वाढवू नका, जो जास्त आहे तो उतरवा. वाढवलेला रंग वरच्या टोकाला जाऊन आपटतो आणि पांढऱ्याचा गुलाबी होतो.” निळ्याचा गेन नऊने आणि हिरव्याचा दोनने उतरवला, लालला हात लावला नाही. ऑफसेटमध्ये फक्त निळा एकाने खाली.

रात्री दहाचे आकडे : पांढरा ६,५३० केल्विन, ३० ते १०० टक्क्यांपर्यंत प्रत्येक पायरीवर डेल्टा ई दीडच्या आत, १० टक्क्यांवर ३.२, किंचित हिरवट. ती दुरुस्त करायला गेलो तर २० टक्के बिघडतो, म्हणून तशीच ठेवली. बॅकलाइट १३ वर पांढरा ११८ निट. रंगसंस्करणाच्या खोलीत साध्या चित्रासाठी १०० निट धरतात. माजघर पूर्ण काळोखे नसल्यामुळे थोडा वाढीव उजेड मी मान्य केला.

हे सगळे करून सेट टॉप बॉक्स लावला आणि चित्र पुन्हा निळसर! जुळणी प्लेअरच्या एचडीएमआय जोडणीवर झाली होती आणि हा संच प्रत्येक जोडणीची नोंद वेगळी ठेवतो. सगळे आकडे दुसऱ्या जोडणीवर हाताने उतरवले. वहीचा उपयोग इथे झाला.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

घरात चौदा माणसे. दुपारी दारे उघडी, माजघरात ओटीवरचा उजेड, आणि ११८ निटांचे चित्र खरोखरच फिके दिसत होते. तक्रार योग्य होती. दिवसासाठी वेगळी पद्धत बांधली : पांढरा तोच, व्हाइट बॅलन्स तोच, बॅकलाइट ३२, म्हणजे १९० निट, आणि गॅमा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची उजेडाची चढण, २.४ ऐवजी २.२, जेणेकरून सावल्या थोड्या वर उचलल्या जातील. उजेडासाठी पांढऱ्यात नीळ कालवावी लागत नाही, हे दाखवायला एवढे पुरले.

आई मात्र हटून बसली. “अरे, तू काहीही म्हण, टीव्ही पिवळा पडलाय.” तिचे वय ८२. तिच्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदू या वर्षी मार्चमध्ये काढले आणि उजव्याचे बाकी आहे, हे एकदम आठवले. पडद्यावर पूर्ण पांढरा नमुना लावला आणि तिला आळीपाळीने एकेक डोळा झाकायला सांगितले. उजव्याने पाहताना ती म्हणाली, “पिवळा, जुन्या पत्रिकेच्या कागदासारखा.” डाव्याने पाहताना थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हा चांगला आहे की.” नंतर ‘व्हिव्हिड’ लावला. उजव्या डोळ्याला तो पांढरा वाटला, डाव्याला, तिच्या शब्दांत, “नीळ जास्त झालेला.”

कारण साधे आहे. डोळ्यातले भिंग वयाबरोबर पिवळे पडते आणि निळा प्रकाश अडवते. ते काढून कृत्रिम भिंग बसवले की तो निळा पुन्हा आत येतो. बदल वर्षावर्षांनी सावकाश झालेला असल्यामुळे माणसाला तो कळत नाही. दोन डोळ्यांत दोन काळ एकत्र राहिल्यामुळे आईला आज कळला. भाच्याने मापकाची वायर गुंडाळता गुंडाळता मला विचारले, “मामा, आणि तुमचा डोळा?” मी ६४ वर्षांचा आहे. गेल्या दोन आठवड्यांत डोळ्याने केलेल्या ज्या ज्या कामाबद्दल मी या वहीत ठामपणे लिहिले, ती भिंतीच्या रंगासह सगळी पाने मी रात्री पुन्हा वाचली. भिंत मापकाने तपासली. तिचा करडा माझ्या अपेक्षेपेक्षा अंमळ निळ्याकडे आहे. पिवळी माती आणखी थोडी लागली असती. या पांढऱ्या-करड्याच्या बाबतीत यापुढे मत यंत्राचे, माझे नाही.

८ नोव्हेंबर

गॅमा आणि रंग. बीटी १८८६ ही २०११ ची शिफारस पटलाच्या स्वतःच्या काळ्याचा हिशेब धरून उजेडाची चढण ठरवते. काळा पुरेसा गडद असला की ती २.४ च्या जवळ येते. माझा काळा ०.०३ निट, म्हणजे कॉन्ट्रास्ट चार हजारास एक. चढण मधल्या पायऱ्यांवर २.३ दाखवत होती. गॅमा एक पायरी वाढवल्यावर २.३८. पुरे.

रंगांची व्याप्ती ‘नेटिव्ह’वर असली की पटल आपली सगळी ताकद वापरते आणि बीटी ७०९ साठी बनवलेल्या चित्रातला साधा हिरवाही कोवळ्या केळीच्या पानासारखा पेटतो. ‘ऑटो’वर आणल्यावर तपासणीचे सहाही रंग (लाल, हिरवा, निळा आणि त्यांच्या जोड्यांचे तीन) आपापल्या जागेजवळ बसले. लाल जरासा नारिंगीकडे होता, म्हणून रंगव्यवस्थापनाच्या मेनूत शिरलो आणि लाल नेमका जागेवर आणला. आलेखावर सुंदर, पण संध्याकाळी चेहऱ्यांवर गालापासून कानापर्यंत पट्टे दिसू लागले. सर्व शून्यावर परत नेले. आलेख सुंदर दिसण्यासाठी चेहरे खराब करणे मला पटत नाही.

एक मोह नोंदवून ठेवतो. कोकणात चित्रित झालेला एखादा प्रसंग लागला की हात रिमोटकडे जातो : माड असा नसतो, जांभा इतका तपकिरी नसतो. पण माझ्या खालच्या पाटातला माड श्रावणात वेगळा, मार्गशीर्षात वेगळा आणि सायंकाळी सहाला तिसराच असतो. छायालेखकाने तो कोणत्या वेळी पाहिला आणि नंतर रंगसंस्करणात कोणत्या मनःस्थितीत नेला, हे मला पेटाऱ्यासमोर बसून कळणार नाही. त्याने जो हिरवा पक्का केला, तो माझ्यापर्यंत न बदलता यावा, इतकेच माझे काम. घरच्या वाडीवरून टीव्ही जुळवायचा नाही.

१४ नोव्हेंबर

एचडीआर, म्हणजे उजेडाचा पल्ला मोठा असलेले चित्र. थोडक्यात. पीक्यू ही एसटी २०८४ या मानकात ठरलेली वक्ररेषा १०,००० निटांपर्यंतचे उजेड थेट आकड्यांत सांगते आणि पुष्कळशी चित्रे १,००० निटांवर पक्की केलेली असतात. माझा संच एचडीआरमध्ये जास्तीत जास्त ४३० निट देतो. वरचे सगळे त्याला दाबून बसवावे लागते आणि ते तो आपल्या पद्धतीने करतो. त्यात ढवळाढवळ करून पाहिली, सूर्यास्तातले ढग सपाट झाले. बॅकलाइट पूर्ण, ‘वॉर्म २’, व्हाइट बॅलन्स वरच्यासारखाच तपासून घेतला, बाकी जसेच्या तसे. बीबीसी आणि एनएचके यांनी मिळून केलेली एचएलजी ही दुसरी पद्धत माझ्या कोणत्याच वाहिनीवर अजून आलेली नाही, तेव्हा तिची पाटी कोरी.

२२ नोव्हेंबर

यंत्र परत करण्याआधीची शेवटची मोजणी. काळा ०.०३ वरून ०.०५ वर गेलेला पाहून दचकलो. विजेरीचा झोत तिरका पाडल्यावर पडद्यावर पातळ धुरकट थर दिसला. गेला आठवडाभर समुद्राकडची दारे उघडी होती. खारा वारा चष्म्यावर जे करतो तेच त्याने इथे केले होते, आणि मागच्या बल्बचा व खोलीतला उजेड त्या थरात विखरून काळ्यात मिसळत होता. काच पुसायचे फवारे पटलाच्या लेपाला मारक असतात, म्हणून संच बंद करून, थंड झाल्यावर, बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याने जेमतेम ओलावलेल्या मऊ कापडाने, न दाबता पुसला. काळा ०.०३ वर परत. महिन्यातून एकदा हे करायचे, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी.

पांढरा ६,४९० केल्विन, सरासरी डेल्टा ई १.१. काही हलवले नाही. दोन्ही जोडण्यांचे आणि दोन्ही पद्धतींचे आकडे वहीच्या मागच्या पानावर आहेत. त्याच पानाची एक प्रत पेटाऱ्याच्या झाकणाला आतून चिकटवली आहे. मापक उद्या भाच्याबरोबर पुण्याला जाईल. पुढची मोजणी तो मे महिन्यात आंब्यांना येईल तेव्हा.

आईच्या उजव्या डोळ्याची तारीख जानेवारीतली मिळाली आहे. त्यानंतर काही दिवस तिला सगळेच जरा निळसर दिसेल, चित्र बिघडले असे वाटले तरी रिमोटला हात लावू नकोस, असे मी तिला आधीच सांगून ठेवले. ती म्हणाली, “तेव्हाचं तेव्हा बघू. आत्ता ती झडप उघड, चहाची वेळ झाली.”